रेगेचे चित्रपट दाखवताना बेस हरवतो, काय करावे?

खाजनकाठ (पेडणे): वाचनालयाच्या सभागृहात तीन रविवार रेगेचे, म्हणजे जमैकातल्या संगीताचे, चित्रपट ‘द हार्डर दे कम’ (१९७२), ‘रॉकर्स’ (१९७८) आणि ‘बॅबिलॉन’ (१९८०) दाखवायचे आहेत. खोली ८ मीटर लांब, वर पत्रे. दोन स्पीकर आणि पुढच्या भिंतीला टेकलेला एक सबवूफर (बेसचा, म्हणजे खोल सुरांचा, वेगळा स्पीकर). पुढून-मागून दुसऱ्या रांगेत बेस जवळजवळ गायब. शिवाय ‘रॉकर्स’ची गाणी वरच्या पट्टीत वाजतात. जमैकन बोली कळत नाही, ते वेगळेच.

ठोका: रेगेत पहिली मात्रा रिकामी, ड्रमचा जोर तिसऱ्या मात्रेवर, आणि चाल बेस गिटार सांगते. ती गेली तर उरते नुसती गिटारची चुकचुक. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. ८ मीटरच्या खोलीत ४३ हर्ट्झची लहर उभी राहते आणि दोन्ही टोकांच्या भिंतींपासून २ मीटरवर तिची पोकळी पडते. तिथेच तुमच्या रांगा! इक्वलायझर वर ओढू नका. पोकळी भरत नाही, अँप मात्र तापतो. सबवूफर बाजूच्या भिंतीने सरकवून पुढच्या भिंतीपासून २ मीटरवर ठेवा. तिथून ही लहर फारशी उठत नाही. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ.

मग ३० ते १२० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या. पत्रे, पंख्याची जाळी, खिडकीची काच, जे थरथरेल त्यात रबराची पट्टी खुपसा.

रीळवाला: डिस्क युरोपातली पाल पद्धतीची (सेकंदाला २५ फ्रेमची) आहे का?

खाजनकाठ: हो, तीच.

रीळवाला: मग तेच. २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळतो, १०० मिनिटांचा ९६त संपतो. काळी एकपासून पांढरी दोनकडे पाऊण वाट चढल्यासारखा सूर लागतो. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि ध्वनीचा टाइम-स्ट्रेचिंग पर्याय बंद करा, नाहीतर वेग उतरेल पण पट्टी तशीच राहील. काही डिस्कवर पट्टी आधीच दुरुस्त केलेली असते. तिथे तो पर्याय चालूच ठेवावा. आधी एखादे गाणे मूळ रेकॉर्डशी जुळवून पाहा.

सांतेर: बोलीचे मनाला लावून घेऊ नका. ‘द हार्डर दे कम’ला अमेरिकेतही इंग्रजी उपशीर्षके द्यावी लागली होती. मराठी उपशीर्षके करणार असाल तर ‘रूड बॉय’चा ‘उद्धट मुलगा’ करू नका, तो किंग्स्टनच्या गल्लीतला दादा. ‘आय अँड आय’ म्हणजे ‘मी’ किंवा ‘आम्ही’, प्रसंग बघून. ‘बॅबिलॉन’ हे शहर नव्हे, दडपणारी व्यवस्था. बरेचदा थेट पोलीस.

त्याच नावाचा चित्रपट मात्र लंडनमधला. साउंड सिस्टिमवाल्या, म्हणजे मोठाले स्पीकर लावून रेगे वाजवणाऱ्या पोरांचा, आणि त्यात वंशद्वेष उघडा आहे. हरमलच्या शॅकवरची लाल-पिवळी-हिरवी टोपी म्हणजेच रेगे समजणाऱ्यांना तो आधी दाखवा. ‘रॉकर्स’ शेवटी. त्यात ड्रमर लेरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस आणि इतर कलाकार आपापल्याच नावाने वावरतात, चेहरे ओळखू यायला थोडी तयारी लागते.

आणि प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या. घरगुती डिस्कवर ती नसते.