'मॉर्मन' हा शब्द कुठे चालतो, कुठे चालत नाही?

शाईदौत: अमेरिकेतल्या युटा राज्याच्या इतिहासावरचा एक दीर्घलेख हातावेगळा करायचा आहे. मसुद्यात तिथल्या धर्मपंथासाठी सरसकट 'मॉर्मन' लिहिलं गेलंय. १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरलेले लोक मॉर्मन, आजचं चर्च 'मॉर्मन चर्च', त्यांचा गायकवृंद 'मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर', आणि युटा-ॲरिझोना सीमेवरचे बहुपत्नीत्व पाळणारे गटही मॉर्मनच. मुद्रितशोधनात शेरा आलाय : 'हा शब्द आता वापरत नाहीत, सगळीकडे बदला.' बदलायचा तर कशाने, आणि खरंच सगळीकडे बदलायचा का?

तळटीप: सगळीकडे अजिबात नको. 'शोधा आणि बदला' चालवलंत तर 'मॉर्मन ट्रेल'चं 'लॅटर-डे सेंट ट्रेल' होईल, आणि त्या नावाची वाट नकाशावर कुठेच नाही. प्रत्येक जागा वाचूनच ठरवावी लागते.

आधी शब्द कुठला ते बघा. या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध केलं, पहिल्या आवृत्तीच्या ५,००० प्रती. त्या ग्रंथानुसार मॉर्मन हा प्राचीन अमेरिकेतला प्रेषित आणि इतिहासकार. पूर्वजांच्या नोंदींचा सारांश त्याने सोन्याच्या पत्र्यांवर कोरला, आणि त्याचा मुलगा मोरोनाय याने ते काम पुरं केलं. म्हणजे मॉर्मन हे ग्रंथातल्या एका व्यक्तीचं नाव. ६ एप्रिल १८३० ला स्थापन झालेल्या संस्थेने ते स्वतःला कधी लावलं नव्हतं. तिचं पहिलं नाव 'चर्च ऑफ क्राइस्ट' होतं. ग्रंथावरून अनुयायांना 'मॉर्मोनाइट' आणि पुढे 'मॉर्मन' म्हणायला लागले ते बाहेरचे लोक, आणि बऱ्याचदा हिणवायला. आजचं लांबलचक नाव, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', एप्रिल १८३८ पासूनचं. ते साक्षात्कारातून मिळालं अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून नावाच्या बाबतीत ते इतके काटेकोर.

तेव्हा आजच्या संस्थेबद्दल लिहिताना पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या, पुढे नुसतं 'चर्च' किंवा 'हे चर्च'. माणसांसाठी 'लॅटर-डे सेंट्स' किंवा 'चर्चचे सदस्य'. 'लॅटर-डे सेंट्स'चं 'एलडीएस' हे लघुरूपही त्यांना नको आहे. पर्याय म्हणून ते घालू नका.

जुनी वही: मुद्रितशोधकांचा शेरा अर्धा बरोबर आहे, पण तो कधीपासून लागू होतो हे महत्त्वाचं. ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरण्याचं निवेदन काढलं, आणि त्या ऑक्टोबरच्या अधिवेशनात स्पष्ट केलं की हा नावबदल नाही, ही दुरुस्ती आहे. त्याच महिन्यात गायकवृंद 'द टॅबरनॅकल क्वायर ॲट टेंपल स्क्वेअर' झाला. तुमच्या लेखात २०१८ आधीच्या मैफलीचा उल्लेख असेल तर तिथे जुनं नाव ठेवा आणि पहिल्यांदा कंसात नवं द्या. आजच्या संदर्भात थेट नवं.

हा वाद २०१८ चा मात्र नाही. एप्रिल १९९० मध्ये नेल्सन यांनीच याच विषयावर भाषण केलं होतं, आणि सहा महिन्यांनी चर्चचेच दुसरे नेते गॉर्डन हिंकली यांनी वेगळा सूर लावला : लोक टोपणनाव सोडणार नाहीत, तर आपल्या वागण्यातून त्याला चांगला अर्थ देऊ या. पुढे तर चर्चने स्वतःच 'मी मॉर्मन आहे' अशी जाहिरात मोहीम चालवली. हे माहीत असलं की 'हा शब्द म्हणजे शिवी' असं एकतर्फी वाक्य तुमच्या हातून जाणार नाही. आजही काही जण आवर्जून स्वतःला मॉर्मन म्हणवतात, त्यात चर्च सोडलेले पण त्या संस्कृतीशी नातं सांगणारेही आहेत. अशा माणसाची ओळख त्याच्याच शब्दात द्यावी.

मार्जिन: सीमेवरच्या गटांचं तेवढं आधी दुरुस्त करा, कारण मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चने १८९० च्या जाहीरनाम्याने नवे बहुपत्नीक विवाह थांबवले. १९०४ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यानंतर असे विवाह करणाऱ्यांना बहिष्कृत करणं सुरू झालं. हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी इथे रुजलेली संघटना स्वतंत्र आहे, तिच्या नावाच्या सुरुवातीला 'फंडामेंटलिस्ट' आहे. दोघांना एकच शब्द लावलात की एका संघटनेच्या खटल्यांची जबाबदारी दुसरीच्या सदस्यांवर जाते. 'मूलतत्त्ववादी मॉर्मन' हा अभ्यासकांचा रूढ शब्द आहे, पण चर्चला तो मान्य नाही. संघटनेचं नाव लिहिलंत तर प्रश्नच उरत नाही.

तळटीप यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. चर्च दुसऱ्या उल्लेखासाठी 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट' असं छोटं रूप सुचवतं. तटस्थ लेखात ते मी टाळेन. नेमक्या त्याच नावाचं दुसरं चर्च पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला इथे आहे, तेही बुक ऑफ मॉर्मन मानणारं. तसंच मिसुरीतल्या इंडिपेंडन्सचं 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट', २००१ पर्यंतचं 'रिऑर्गनाइज्ड चर्च'. तेही जोसेफ स्मिथ यांचाच वारसा सांगतं, पण स्मिथ यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग यांच्यामागे पश्चिमेला गेलं नाही. त्यांना मॉर्मन म्हणणं चूकच.

शाईदौत: आभार. दोन जागा अजून अडल्या आहेत. मिसुरीच्या गव्हर्नरचा १८३८ चा आदेश मी उद्धृत केलाय, त्यात 'मॉर्मन' आहे. आणि १८४६-४७ च्या स्थलांतराचं काय?

तळटीप: अवतरणाला हात लावायचा नाही. लिलबर्न बॉग्ज यांच्या २७ ऑक्टोबरच्या त्या आदेशात मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांचा नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं आहे. तिथे सभ्य पर्याय घातलात तर कोणत्या नावाने माणसं हाकलली गेली तेच पुसलं जाईल. हा आदेश अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ उजाडलं, तेही लेखात घ्या.

स्थलांतरासाठी निवेदनात 'लॅटर-डे सेंट्स' लिहा, पहिल्या वेळी 'तेव्हा मॉर्मन म्हणून ओळखले जाणारे' अशी जोड द्या. 'मॉर्मन ट्रेल' (इलिनॉयमधलं नौवू ते सॉल्ट लेक ही स्थलांतराची वाट, सुमारे १,३०० मैल), 'मॉर्मन बटालियन', 'मॉर्मन हिस्टरी असोसिएशन' ही विशेषनामं जशीच्या तशी. चर्चच्या स्वतःच्या शैलीपत्रिकेतही मॉर्मन ट्रेलसारखा ऐतिहासिक शब्दप्रयोग चालतो.

जुनी वही: मथळ्यात पूर्ण नाव मावणार नाही, तिथे 'लॅटर-डे सेंट्स' पुरेल. वाचकाला कळणारच नाही असं वाटलं तर मथळ्यात 'मॉर्मन' ठेवून पहिल्याच परिच्छेदात पूर्ण नाव द्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकातही स्पष्टतेसाठी किंवा जागेअभावी तेवढी मुभा आहे.

मार्जिन: आणि 'मॉर्मनांचं बायबल' हे वाक्य कुठे असेल तर काढा. बायबल त्यांना आहेच, इंग्रजीत ते किंग जेम्स प्रत वापरतात. बुक ऑफ मॉर्मन हा त्याच्या जोडीचा ग्रंथ. १९८२ पासून त्याच्या उपशीर्षकातच 'जीझस क्राइस्टचा आणखी एक टेस्टमेंट' असं छापलं जातं.