32 सीसीच्या छोट्या चेनसॉला 20 इंची बार बसवता येईल का? सध्या 16 इंची आहे

बागायतदार_राजापूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे स्टिल एमएस 180 आहे, 31.8 सीसीचं छोटं मशीन, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) 16 इंची. आंब्याच्या फांद्या मारायला, काजूची सुकलेली झाडं काढायला मस्त चालतं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण यंदाच्या पावसात परड्यातला जुना फणस मुळासकट आडवा झालाय, बुंधा दोन फुटाच्या आसपास जाड आहे आणि मला त्याचे नीट सरळ ओंडके पाडायचेत कारण लाकूड चांगलं आहे, दाराला फळीला वापरता येईल, जळणात घालवायचं नाहीये.

शेजारच्या काकांचं 58 सीसीचं चायना मशीन बंद पडून आहे, त्याचा 20 इंची बार आणि जवळजवळ नवी चेन तशीच लटकतेय, काका म्हणाले घेऊन जा. तर तो बार आणि चेन दोन्ही उचलून माझ्या मशीनला लावली तर चालेल का? एका दुकानात विचारलं तर म्हणाले स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदला की झालं. खरंच तेवढंच आहे का अजून काही बघावं लागतं? आणि मशीनवर लोड येईल का?

पाना_आणि_कानस

दादा, आधी इंच विसरा. 16 की 20 हा शेवटचा प्रश्न आहे, त्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागतात आणि चारपैकी एक जरी चुकली तरी चेन फिरणार नाही किंवा फिरली तर उतरून अंगावर येईल.

पहिली पिच. चेनच्या ओळीने तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोनने भागा, ती पिच. तुमच्या मशीनला बहुतेक 3/8 पी असेल म्हणजे 9.32 मिमी, आणि काकांच्या 58 सीसीला बहुतेक .325 म्हणजे 8.25 मिमी. स्प्रॉकेटचे दात त्या पिचचेच लागतात आणि बारच्या टोकाला जे छोटं चाक असतं ना तेही त्याच पिचचं लागतं, सायकलची चेन नि फ्रीव्हील जुळावं लागतं तसंच. .325 ची चेन 3/8 च्या स्प्रॉकेटवर घातली तर लिंक दाताच्या खोबणीत बसतच नाही, डोक्यावर चढते, हाताने ओढलं तरी अडकल्याचं कळतं.

दुसरी गेज, म्हणजे चेनचा जो खालचा दात बारच्या खाचेत धावतो त्याची जाडी. तुमची 1.3 किंवा 1.1 मिमी, काकांची बहुधा 1.5. जाड चेन बारीक खाचेत जातच नाही, ते बरं, निदान कळतं तरी. उलट झालं तर जास्त वाईट कारण 1.3 ची चेन 1.5 च्या खाचेत आरामात जाते आणि मग डोलते, काप तिरका जातो, सुतार बोलतो मशीन खराब आहे म्हणून, आणि कधीतरी चेन उतरते.

तिसरी, खालच्या दातांची संख्या. चेन इंचावर विकत घेऊ नका. एकाच 16 इंचाला स्टिलमध्ये 55 लिंक (म्हणजे खालचे दात), दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनला 56 नाहीतर 57 लागतात. बार मशीनवर कुठे बसतो त्यावर ते ठरतं. दात मोजून सांगा, दुकानदार इंच ऐकून चेन काढायला लागला तर थांबवा.

चौथी गोष्ट कोणी बोलतच नाही ती म्हणजे बारची शेपटी. तुमच्या मशीनला एकाच नटावर बार धरलाय, काकांच्याला दोन. स्लॉटची रुंदी वेगळी, चेन ताणायच्या पिनचं भोक वेगळ्या जागी, तेलाचं भोक वेगळ्या जागी. बार कसाबसा बसलाच आणि तेलाचं भोक मशीनच्या तोंडासमोर नाही आलं तर तेल बाहेर सांडतं, बार कोरडा चालतो, निळा पडतो. ड्रिलने नवीन भोक पाडू असं कोणी सुचवेल, ऐकू नका, बार कडक केलेला असतो.

कोयना_काठचा

चेन बघायची सोपी पद्धत, मोजमाप नको असेल तर. स्टिलच्या चेनवर नंबर कोरलेले असतात, कापणाऱ्या दातावरचा आकडा पिचचा, 6 म्हणजे 3/8 पी, 2 म्हणजे .325, 3 म्हणजे मोठी 3/8, 1 म्हणजे पाव इंच. आणि खालच्या दातावरचा आकडा गेजचा, 1 म्हणजे 1.1, 3 म्हणजे 1.3, 5 म्हणजे 1.5, 6 म्हणजे 1.6. ओरेगॉनच्या चेनवर खालच्या दातावर 91 असेल तर 3/8 लो प्रोफाइल (तीच 3/8 पी) 1.3 मिमी, 21 असेल तर .325 आणि 1.5. घासून मातकट झालं असेल तर रॉकेलने पुसून बॅटरीच्या उजेडात बघा, दिसतो आकडा.

एक सांगतो, 3/8 पी आणि साधी 3/8 ह्या दोन वेगळ्या चेन आहेत. नाव सारखं म्हणून गफलत होते. मोठी 3/8 छोट्या मशीनवर टाकायची नाही.

बागायतदार_राजापूर

दोघांचे आभार, लगेच मोजलं. माझी: कापणाऱ्या दातावर 6, खाली 3, दात 55. काकांची: तीन रिव्हेटमध्ये साडेसोळा मिमी म्हणजे पिच सव्वाआठ, दाताची जाडी कॅलिपरने 1.5, दात 76. म्हणजे एकही आकडा जुळत नाही. बारची शेपटी पण शेजारी ठेवून बघितली, पाना_आणि_कानस दादा म्हणाले तसंच आहे, तेलाचं भोक साफ वेगळीकडे.

म्हणजे काकांचा बार बाद. पण माझ्या मशीनसाठी .325 चा स्प्रॉकेट मिळतो असं दुकानवाला म्हणतोय आणि माझ्या शेपटीचा .325 चा 18 किंवा 20 इंची बार मागवून देईन म्हणतोय. मग तरी करावं का?

घाटमाथा_वर्कशॉप

मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, अशी बदलाबदली करून पण दिलीय लोकांना म्हणून लिहितो. होतं का? होतं. करावं का? तुमच्या मशीनवर नको.

हिशोब बघा. तुमचा आत्ताचा स्प्रॉकेट 6 दाती. एका फेऱ्याला चेन पुढे जाते 6 गुणिले 2 गुणिले 9.32, म्हणजे साधारण 112 मिमी. .325 चा स्प्रॉकेट 7 दाती येतो, 7 गुणिले 2 गुणिले 8.25, म्हणजे साधारण 115 मिमी. म्हणजे चेनचा वेग जवळपास तोच राहिला, इंजिन तेच, मिळालं काय? तर जाड चेन. 1.5 ची चेन रुंद चर पाडते, जास्त भुसा काढते, तेवढं लाकूड कुरतडायला ताकद लागते आणि इंजिन तर दोनच हॉर्सपॉवरचं आहे. वर लांब बार म्हणजे घर्षण जास्त. पूर्ण 20 इंच फणसात घातलात की मशीनचा आवाज बसेल, तुम्ही दाबाल, क्लच घसरायला लागेल, ड्रम (क्लचची वाटी, स्प्रॉकेट हिलाच असतो) तापेल. त्या ड्रमच्या मागेच प्लास्टिकचे भाग आणि तेलाच्या पंपाचा गिअर आहे.

आणि तेल. एमएस 180 चा तेलपंप ठराविक मापाचाच, कमीजास्त करायचा स्क्रू नाही. तो 12 ते 16 इंची बारसाठी आहे. 20 इंची बारच्या टोकापर्यंत पुरेसं तेल पोचत नाही, टोकाचं चाक आधी जातं. लोक म्हणतात पातळ तेल घाला, पातळ घातलं तर चेनवर टिकत नाही, उडून जातं. जळकं इंजिन ऑइल तर घालूच नका, त्यात लोखंडाचा चुरा असतो, पंप खातो, आणि तुम्ही आंब्याच्या झाडाच्या ताज्या जखमेवर ते उडवणार.

तुम्हाला खरा फायदा हवा असेल तर मी उलट दिशेने जायला सांगीन. 14 इंची बार घ्या, 3/8 पी मध्येच पण 1.1 मिमी गेजचा, बारीक चराचा, चेन 50 लिंकची. पिच तीच म्हणून स्प्रॉकेट बदलायची गरज नाही. फक्त बार आणि चेन दोन्ही 1.1 ची हवीत, तुमच्या आत्ताच्या 1.3 च्या बारवर 1.1 ची चेन चढवू नका. ही जोडी लावलीत की त्याच मशीनला ताकद वाढल्यासारखं वाटतं कारण चर अरुंद पडतो. आणि 16 इंची ठेवायचा तो ठेवा, तो मोठ्या कामाला.

राहिला स्प्रॉकेट. तो तरीही काढून बघा. दातावर चेनने खोबण्या पाडल्या असतील, अर्धा मिमीच्या आसपास खोल, तर नवीन चेन त्यावर घालू नका, नव्या चेनची पिच बिघडवतो तो. साधारण दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदलायचा. तुमच्या मशीनला सोपं आहे, चेन ब्रेक सोडा, कव्हर काढा, ई-क्लिप आणि वॉशर काढलं की ड्रम हातात येतो, आतली नीडल बेअरिंग पुसून ग्रीस लावून परत घाला. ज्या मशीनला क्लच ड्रमच्या बाहेर असतो त्याला डावे आटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर सुटतो, आणि हे माहीत नसलं की लोक छिन्नी हातोडा घेऊन बसतात.

बागायतदार_राजापूर

हे एकदम पटलं. म्हणजे दोन फुटी बुंधा 16 इंची बारनेच कापायचा? दोन्ही बाजूंनी?

कोयना_काठचा

हो, दोन्ही बाजूंनी. आम्ही तसंच करतो. 16 इंचातला साधारण 15 धरा कामाचा, दोन बाजूंनी 30, तुमचा बुंधा 24. फक्त सरळ फळी पाडायचा ओंडका हवाय तर आधी खडूने नाहीतर दोरी गुंडाळून बुंध्याला गोल खूण करून घ्या, नाहीतर दोन काप एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये पायरी राहते.

पण कापापेक्षा मला काळजी त्या झाडाची वाटते. मुळासकट पडलंय म्हणताय, म्हणजे मुळांची थाळी उभी असणार. तुम्ही बुंधा मोकळा केलात की ती थाळी धाडकन परत खड्ड्यात बसते, बुंध्याचा खुंट उभा राहतो. त्या थाळीच्या मागे किंवा खड्ड्यात कोणी पोरं, कुत्रं, माणूस असता कामा नये, हे पहिलं बघा, बाकी सगळं नंतर. मग ओंडका कुठे टेकलाय ते बघा. दोन टोकांवर टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात असते, वरून सगळा काप दिलात तर बार चिमटतो. आधी वरून थोडा, एक तृतीयांशाच्या आत, मग खालून वर. एका टोकाला लटकत असेल तर बरोब्बर उलट. खिशात लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या पाचरी ठेवा, काप थोडा खोल गेला की ठोका, लोखंडी पाचर नको, चेन लागली की गेली.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लावायचा नाही, तिथूनच किकबॅक येतो, सगळा बार डोक्याकडे उसळतो. लांब बार असता तर दुसऱ्या बाजूला टोक कशाला लागतंय ते दिसलंच नसतं.

परडे_आणि_पाऊस

कापायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि वनखात्यात, तलाठ्याकडे कळवा. आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, उभं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुमचं पडलंय हे खरं, पण ओंडके गाडीत घालून गिरणीवर न्यायचे तर नाक्यावर कोण विचारेल तेव्हा हातात कागद असलेला बरा.

फणसाला चीक पण खूप येतो, चेन आणि बारची खाच बुजते. अधूनमधून चेन काढून खाच पातळ पत्र्याने उकरा, तेलाचं भोक साफ करा.

बागायतदार_राजापूर

थाळीचं डोक्यातच नव्हतं, खरंच आभार. उद्या आधी खालच्या अंगाला कुंपण घालतो. 14 इंची 1.1 चा सेट पण मागवतो.

शेवटचं एक, फक्त हापूसच्या छाटणीसाठी पाव इंच पिचचा बारीक बार लावतात असं कोणीतरी बोललं होतं. तो माझ्या मशीनला लागतो का?

घाटमाथा_वर्कशॉप

लागतो, लाकडात कोरीवकाम करणारे तेच वापरतात. त्याला मात्र स्प्रॉकेट बदलावाच लागतो, पाव इंचाचा 8 दाती, आणि 10 किंवा 12 इंची टोकदार बार, चेन त्याच पिचची. टोक बारीक असल्यामुळे उसळणं कमी आणि काप खूप गुळगुळीत येतो. पण दर वेळी फणसाकडून हापूसकडे जाताना ड्रम काढघाल करणार का? छाटणीला माझं मत 14 इंची 1.1 च पुरे, जखम गुळगुळीत यायची असेल तर चेन धारदार ठेवा. 3/8 पी ला 4 मिमीची गोल कानस, तीस अंशात, प्रत्येक दाताला सारखेच घाव, आणि दातापुढची जी चोच असते ती दातापेक्षा 0.65 मिमी खाली. भुशाच्या जागी पीठ पडायला लागलं की समजा धार गेली, थांबा आणि घासा. मोठ्या कापावर नंतर बोर्डो पेस्ट लावताच तुम्ही, ते सांगायला नको.

आणि काम संपलं की चेन सैल करून ठेवा. तापलेली असताना ताणलेली चेन गार झाली की आवळते, त्याचा ताण क्रँकच्या बेअरिंगवर जातो. सकाळी परत ताणा, चेन हाताने फिरली पाहिजे आणि खालून ओढली तर दात खाचेतून बाहेर येता कामा नये, एवढाच ताण.