पाहणीत एक, मतपेटीत दुसरंच

ओबामा दोनदा निवडून आले, म्हणजे अमेरिकी मतदार रंग बघत नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला काही पटत नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय उमेदवार टॉम ब्रॅडली मतदानाआधीच्या जनमत पाहण्यांत पुढे होते, तरी गव्हर्नरपद थोडक्यात हुकलं. (टपाली मतांनीही घात केला, सगळं खापर रंगावर नको.) १९८९ ला व्हर्जिनियात गव्हर्नरपदासाठी उभे असलेले कृष्णवर्णीय डग्लस वाइल्डर जिंकले खरे, पण पाहण्यांतली भक्कम आघाडी मोजणीत अर्ध्या टक्क्याच्याही आत आली. विचारणाऱ्यासमोर गोरा मतदार भिडेखातर कृष्णवर्णीय उमेदवाराला 'हो' म्हणतो आणि मत दुसऱ्यालाच देतो, असा तर्क.

आमच्या गोव्यात तरी काय वेगळं? म्हापशाच्या बाजारात चहा पिताना उमेदवाराचं तोंडभर कौतुक, आणि उठताना हळूच, "मनीस बरो, पूण आमचो न्हय." तिकिटं वाटताना पक्षही आधी जात-धर्म मोजतात, कामं मागाहून.