नऊ दिवस, माणशी २५ हजार : स्कीइंग शिकायला औली की गुलमर्ग?

डोंबिवलीची भटकी
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मला आणि धाकट्या भावाला नऊ दिवस मिळतायत, दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून. बजेट माणशी २५ हजार, घरातून निघून घरी परत येईपर्यंत सगळं त्यातच. दोघांनाही स्कीइंग खरंच शिकायचंय, नुसते फोटो काढून यायचं नाहीये. सह्याद्रीत नेहमी भटकतो, त्यामुळे चालायची आणि मिळेल तिथे झोपायची सवय आहे. एका टूरवाल्याने औलीचं पॅकेज सांगितलं, पण सहा दिवसांत स्कीइंग फक्त तीन तास! आपलं आपण गेलो तर जमेल का? उत्तराखंडातलं औली बरं की काश्मीरमधलं गुलमर्ग? आणि जॅकेट, पँट, बूट इथूनच विकत घेऊन जायचे का? भाऊ चष्मा लावतो, तेही सांगून ठेवते.

कडेकपारी (नाशिक)
ताई, ते पॅकेज घेऊ नका. तीन तासांत माणूस बूट चढवायला आणि पडल्यावर उठायला शिकतो, तेवढ्यात वेळ संपते. स्कीइंग अंगात उतरतं ते ओळीने चार दिवस त्याच उतारावर गेल्यावर. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की खोलीतच पडून राहावंसं वाटतं. त्या दिवशी जायचंच. तिसऱ्या दिवशी कधीतरी पायाला बांधलेल्या स्कींची (लांब पट्ट्यांची) पुढची टोकं जवळ, मागची लांब अशी पाचर धरून तुम्ही ठरवलेल्या जागी थांबता, आणि तिथून पुढे मजा सुरू होते. म्हणून सांगतो, पैशांतला पहिला वाटा शिकवणाऱ्याचा. हॉटेल, जेवण, फिरणं सगळं त्यानंतर.

तुमच्या बजेटात मी औली धरेन. वांद्रे टर्मिनसहून हरिद्वारला थेट गाडी आहे, स्लीपरने जाऊन-येऊन दोन हजारांच्या आत. हरिद्वार ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ (आता सरकारी नाव ज्योतिर्मठ) पावणेतीनशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत अख्खा दिवस जातो. डोंगरातल्या बस पहाटे सुटतात, त्यामुळे आदल्या रात्री हरिद्वार किंवा ऋषिकेशला मुक्काम करावाच लागतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून औलीचा रोपवे बंद पडला, म्हणून वर जायला जीपचाच हिशेब धरा. जोशीमठला खोल्या स्वस्त मिळतात, पण रोज जीपने वर-खाली करण्यात पैसे जातात, आणि सकाळी रस्त्यावर बर्फ गोठलेला असला की गाड्या उशिरा निघतात. सकाळचे ते दोन तास मोलाचे असतात. वरच राहा, खोली साधी घ्या.

माझा ढोबळ हिशेब असा : रेल्वे, बस, जीप मिळून पाच हजार. वाटेतले मुक्काम आणि खाणं तीन हजार. औलीतल्या चार दिवसांचं राहणं-जेवण आठ हजार. उरलेल्या नऊ हजारांत स्की, बूट, काठ्या भाड्याने आणि दोघांत मिळून एकच प्रशिक्षक, चारही दिवस तोच. रोज नवा माणूस आला की रोज पहिल्यापासून सुरुवात होते. दर आधी ठरवा, दिवसाचे तास किती तेही ठरवा.

आणखी एक. गढवाल मंडल विकास निगमचा (उत्तराखंडचं सरकारी पर्यटन महामंडळ) स्कीइंगचा कोर्स असतो, सात दिवसांचा आणि चौदा दिवसांचा. राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षण सगळं त्यात येतं. कशीही करून तीन-चार दिवस रजा वाढवता आली तर सात दिवसांचाच करा. नोकरीत रजा मागणं अवघड असतं हे कळतं, पण या पैशांत इतकं शिकायला दुसरीकडे मिळणार नाही. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. तिच्याकडे बघत शिकायचं म्हणजे भाग्यच.

चिनारवाला
मी गुलमर्गच्या बाजूने बोलतो. शिकाऊ माणसाला तिथे गंडोल्याची, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारची, गरजच नाही. पहिला टप्पा कोंगडोरी, दुसरा थेट अफरवटवर, ३,९०० मीटरच्या वर. तिथले उतार तयार झालेल्यांसाठी आहेत आणि हिमस्खलनाची भीती असते. तुम्ही खालच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवरच शिकणार, म्हणजे तिकिटाचे ते पैसे वाचले. गुलमर्गमध्ये खोल्या फार महाग. १३ किलोमीटर खाली टंगमर्गला राहा आणि सकाळी शेअर सुमोने वर जा. ताजा बर्फ पडला असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. श्रीनगरचं विमान लवकर काढलं तरच बजेटात बसेल. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत आहे, पण मुंबईहून कटरा गाठून मग ती पकडायची तर नऊ दिवसांतले बरेच प्रवासात जातील. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

बर्फाची खात्री मात्र कुठेच धरू नका. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. औलीत तर हे जास्तच होतं. खोलीचे सगळे पैसे आगाऊ भरू नका, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून उताराचा आजचा फोटो मागा.

डोंबिवलीची भटकी
खूप आभार दोघांचेही. औलीच ठरवतोय. मी उद्याच साहेबांकडे जास्तीच्या रजेचं बोलते, मिळाली तर कोर्स, नाहीतर चार दिवस. कपड्यांचं आणि चष्म्याचं सांगाल का?

कडेकपारी (नाशिक)
जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट तिथे भाड्याने घ्या. जीन्स अजिबात नको, ओली झाली की दिवस वाया. इथून न्यायचं ते एवढंच : थर्मल, ओले न होणारे हातमोजे, लोकरीचे लांब मोजे, सनस्क्रीन. बुटात एकच मोजा घालायचा. दोन घातले की पाय आत सरकतो, स्की ऐकत नाही आणि नडगी सोलवटते. बूट घट्ट हवा, गुडघे पुढे वाकवल्यावर टाच उचलली जाता कामा नये. दुकानदार घाई करेल, तरी तिथेच पाच मिनिटं चालून बघा. स्कीची लांबी हनुवटीपर्यंत पुरे. वजन विचारलं तर खरं सांगा, पडल्यावर बूट स्कीतून सुटायचा ताण त्यावरून लावतात आणि तो चुकला तर गुडघा जातो. हेल्मेटही मागून घ्या.

भावाला चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल लागेल, तो मुंबईतच चष्मा घालून बघून घ्या. उन्हात बर्फावर उघड्या डोळ्यांनी राहिलं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

आणि आजपासून रोज भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसा, मिनिटभर, तीन-चारदा. शक्य असेल तर येत्या रविवारी राजगड करा आणि उतरताना घाई करू नका, मांड्यांना तीच सवय हवी आहे.