गॅलरीत बिडी ओढली तरी धूर घरात येतो का?

कोथिंबीर: वन बीएचके फ्लॅट, घरात चार महिन्यांचं बाळ. आजोबा दिवसाला १०-१२ बिड्या ओढतात, पण गॅलरीतच, दार लोटून. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू असतो. एवढं पुरे, की एअर प्युरिफायर घ्यावा?

खिडकी_उघडी: एक्झॉस्टच घात करतोय! तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत येणारच, आणि ती दाराच्या फटीतून गॅलरीतली येते. एक्झॉस्ट लावून पेटती उदबत्ती गॅलरीच्या बाजूने त्या फटीशी धरा, धूर आत वळताना दिसेल. बिडी पेटली की एक्झॉस्ट बंद, विझल्यावरही दहा मिनिटं बंदच.

‘मी तोंड बाहेर करून सोडतो’ याचाही उपयोग नाही. सिगारेटचं पाहिलं तर शेजारच्याच्या नाकात जाणाऱ्या धुरातला साधारण ८५ टक्के धूर जळत्या टोकातून थेट निघालेला असतो. प्युरिफायरचा हेपा फिल्टर बारीक कण धरतो. कार्बन मोनॉक्साइड सरळ आरपार जातो. पैसे वाचवा.

वळचण: बिडी सौम्य असते हा गैरसमज. तेंदूच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही, विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात.

बाळाला घेण्याआधी शर्ट बदलायचा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. निकोटिन कापडाला धरून राहतं आणि बाळ खांदा चोखतं. रात्री आजोबांच्या अंथरुणात बाळाला अजिबात झोपवू नका, हात धुतलेले असले तरी. अशा बाळांत झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. कान फुटणं, छातीतली घरघर हेही आहेच.

निवांत: खरा उपाय सोडणं. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर ४ चा लागतो. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक जण तो च्युइंगमसारखा चघळतात, रस पोटात जातो, मग उचक्या आणि जळजळ, आणि पाकीट कपाटात. सावकाश चावायचा, झिणझिण लागली की गालात दाबून ठेवायचा, ती गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको, चहाने तोंडात आम्लता वाढते आणि गालातून निकोटिन शोषलं जात नाही. सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६.

कोथिंबीर: चहा आणि बिडी एकदमच असते त्यांची.

निवांत: मग आधी गम, तो थुंकला की चहा.