जिप्सी किंग एमपीएफआय: टायर मोठे घालायचेत, गिअर रेशोचं काय करू? (कोल्हापूर)

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मारुतीची जिप्सी किंग आहे, १.३ लिटर एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), सॉफ्ट टॉप. इंजिन चांगलं आहे, गिअरबॉक्सला आवाज नाही, पाटे मागच्या वर्षीच नवीन टाकलेत. गाडी रोज कळंबा ते शाहूपुरी चालते. पावसाळ्यात कळे-साळवणच्या पुढे गगनबावडा रोडला आमचं शेत आहे तिकडे जाते. शेवटचा टप्पा अवघड आहे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खणलेली चाकोरी, मध्ये ओढा, आणि पलीकडे जांभ्याचा उभा चढ. चाकोरीत मागच्या डिफरन्सचं (अ‍ॅक्सलच्या मध्ये बसलेल्या, दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचं) हाऊसिंग मधल्या उंचवट्याला घासतं. चढाला फोर लो (चारी चाकांना जोर देणारी सावकाश रेंज) पहिल्यात टाकली तरी गाडी मला हवी तितकी सावकाश जात नाही, क्लच दाबावा लागतो आणि दाबला की चाक फिरतं.

सध्या कंपनीचेच २०५/७० आर१५ आहेत. २३५/७५ आर१५ घालायचा विचार आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो की टायर घातले की घाटात गाडी मरणार, मग क्राऊन-पिनियन (डिफरन्समधली गिअरची जोडी) बदलावा लागेल. दुसरा म्हणतो ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला देणाऱ्या पेटीचे) गिअर बदल. तिसरा म्हणतो आधी लॉकर (अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) टाक. बजेट एकदम सगळं करण्याइतकं नाही, वर्ष-दीड वर्षात टप्प्याटप्प्यानं करायचंय. जाणकारांनी क्रम सांगावा.

उद्यमनगर_लेथ

भावा, रेशो बदलायची भाषा करायच्या आधी गाडीत आत्ता काय आहे ते मोजून घे. इतकी वर्षं फिरलेल्या जिप्सीत कुणी कधी कुठल्या गाडीचा डिफरन्स बसवला असेल याचा भरवसा नसतो. कागदावर बघून माल मागवलास तर पैसे अडकतील.

गाडी सपाटीवर घे, पुढच्या चाकांना ओट लाव, न्यूट्रलला टाक, टू व्हीलमध्ये ठेव, हँडब्रेक सोड. मागचं एकच चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव. दुसरं चाक जमिनीवरच राहू दे. शाफ्टच्या फ्लँजवर खडूनं रेघ मार, टायरवरही मार. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फिरला ते मोज. जितके फेरे तितका तुझा रेशो. एक चाक अडवलेलं असतं म्हणून दोन फेरे, हे विसरू नको. दोनाऐवजी वीस फेरे फिरवलेस आणि शाफ्टचे फेरे दहानं भागलेस तर आकडा पक्का येतो. पुढच्या अ‍ॅक्सलचंही असंच मोज, फ्री व्हील हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारा) लॉक करून. पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकली की सगळी लाइन एकमेकांशी भांडणार.

आकडा टाक, मग बोलू.

करवीर_चाकं

दादा, मी याच रस्त्याला चालवते म्हणून सांगते. २३५/७५ ची तुम्हाला खरंच गरज आहे का ते आधी ठरवा. टायर एकदा ठरला की बाकी सगळं त्याच्यामागून येतं. गिअर, ब्रेक, पाट्यांची उंची, स्टिअरिंगचा जोर, सगळंच. म्हणून पहिला निर्णय टायरचा आणि तो शेवटचाही. आज २१५, पुढच्या वर्षी २३५, मग ३१ इंची असं करत गेलात तर दर वेळी गिअरचं गणित मोडणार.

हिशेब सोपा आहे. २०५/७० आर१५ ची उंची ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर१५ ची ७०३, म्हणजे ५ टक्के जास्त. २३५/७५ आर१५ ची ७३३, म्हणजे जवळजवळ १० टक्के. ३१ इंची घेतलात तर १८ टक्के. डिफरन्सच्या हाऊसिंगखाली जागा वाढते ती या वाढीच्या निम्मीच. २१५ ला पावणेदोन सेंटिमीटर, २३५ ला सव्वातीन. गाडीला नुसती लिफ्ट करून हाऊसिंग एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण ते अ‍ॅक्सललाच आहे. त्यामुळे चाकोरीसाठी लिफ्ट किट घ्या असं कुणी म्हटलं तर हात जोडा.

२१५/७५ आर१५ बोलेरोचा साइज आहे, कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळतो. ५ टक्क्यांचा फरक एमपीएफआय इंजिन सहज सोसतं, गिअरला हात लावायचं कारण नाही. चांगला मड टेरेन (चिखलाचा टायर) घ्या आणि शेताच्या फाट्यावर उतरून हवा १८ पीएसआयपर्यंत काढा. जिप्सीचं वजन एक टनाच्या आत-बाहेर, तिला १८ पुरतात. टायर पसरतो, पकड लगेच कळते. परत डांबरीवर यायच्या आधी भरायला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. तुमचं निम्मं दुखणं इथंच जाईल असं माझं मत आहे.

तांबडी_माती

ताई, हवा काढायचं या आठवड्यात करून बघतो. पण चाकोरी खोल आहे, दर पावसाळ्यात आणखी खोल होते. मला सव्वातीन सेंटिमीटरच हवेत.

लेथदादा, मोजलं. मागं वीस फेऱ्यांना शाफ्ट एकोणचाळीस आणि वर थोडासा. पुढंही तेच.

उद्यमनगर_लेथ

म्हणजे ३.९०९. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ११. पुढं-मागं सारखं आहे ही चांगली गोष्ट.

आता नीट बघ. जिप्सी किंगच्या गिअरबॉक्सचा पहिला ३.६५२, पाचवा ०.७९५. ट्रान्सफर केस हायला १.४०९, लोला २.२६८. इथं पुष्कळ जण चुकतात. बाकीच्या बहुतेक गाड्यांत हायला १:१ असतो, जिप्सीत नाही. हायलासुद्धा ट्रान्सफर केस गती कमी करतंच. त्यामुळे ट्रान्सफर केसमध्ये हात घातला की रोजच्या रस्त्याचा रेशोही बदलता येतो, डिफरन्स न उघडता. जिप्सीचं हे मोठं सुख आहे.

सगळ्यात सावकाश गिअर म्हणजे ३.६५२ × २.२६८ × ३.९०९, सुमारे ३२. कंपनीच्या टायरवर इंजिन १००० आरपीएमला असताना गाडी तासाला ३.९ किलोमीटर चालते. २३५ टायर घातलास की तेच ४.३ होतं. म्हणजे ज्या चढाला तुला आत्ताच क्लच दाबावा लागतो तिथं गाडी आणखी पळणार आणि जोर १० टक्के कमी पडणार. हायवेचं बघ. ८० च्या वेगाला पाचव्यात आत्ता इंजिन २७८० च्या आसपास फिरतं, २३५ वर ते २५३० वर येतं. कमी आरपीएम म्हणजे बरं असं वाटेल, पण या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर आणि तो ४५०० ला मिळतो. खाली त्यात काही नाही. करूळ घाट चढताना चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा करत बसशील. तुझा मेकॅनिक बरोबर बोलतोय.

उपाय दोन. क्राऊन-पिनियन बदलायचा असेल तर दोन्ही अ‍ॅक्सलचे बदलावे लागतात. सुझुकीच्या एसजे४१० घराण्यात ४.१११ होता, ३७ ला ९ दात. त्यानं फक्त ५ टक्के परत मिळतात, तेवढ्यासाठी दोन डिफरन्स उघडायचे हे मला पटत नाही. बाहेरून ५.१२५ चा जोड येतो, ४१ ला ८. तो घातलास तर २३५ टायरवर ८० ला इंजिन ३३०० वर जाईल. तू रोज गाडी वापरतोस, कागल-निपाणीला हायवेनं जाणार, डोकं उठेल. शिवाय ८ दातांचा पिनियन बारीक असतो, दगडावर चाक अडकून सुटलं की झटका त्याच दाताला.

दुसरा उपाय ट्रान्सफर केसचे गिअर. परदेशात सुझुकी सॅमुराईसाठी ४.१६ चा किट मिळतो, जिप्सी त्याच घरातली. लो २.२६८ चा ४.१६ होतो आणि हायसुद्धा १२ टक्के खाली येतो. म्हणजे टायरनं १० टक्के घेतले ते हायला १२ नं भरून निघाले. ८० ला इंजिन २८४० वर, कंपनीच्या जवळ जवळ तेच. आणि फोर लो पहिल्यात ३२ चे ५९ झाले. २३५ टायर धरूनही १००० आरपीएमला तासाला २.३ किलोमीटर. माणूस बाजूनं चालत रस्ता दाखवेल इतकं सावकाश. क्लचवरून पाय काढून ठेव, गाडी स्वतः चढेल. याच्या वरचे ४.९ आणि ६.५ चेही किट आहेत, ते दगडावर चढणाऱ्यांसाठी. चिखलात चाकाला थोडी गती लागते, टायरच्या नक्षीतला गारा उडायला पाहिजे. तुझ्या तांबड्या मातीला ४.१६ च्या पुढं जाऊ नकोस.

एक गोष्ट लपवत नाही. ट्रान्सफर केसचा लो वाढवला की तिथून डिफरन्सपर्यंतच्या शाफ्टवर आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) जोर जास्त येतो. डिफरन्सचा रेशो वाढवला असता तर शाफ्ट वाचला असता. म्हणून क्रॉस चांगल्या दर्जाचे टाक, ग्रीसिंग चुकवू नको, आणि फोर लोमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबू नको. पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट तिथंच तुटतो.

घाटमाथा

वरचं सगळं पटतंय. फक्त गिअरच्या नादात ब्रेक राहू नयेत. टायर १० टक्के उंच झाला की त्याच पायाच्या दाबाला जमिनीवर ब्रेक १० टक्के कमी लागतो, वर टायरचं वजन वेगळं. भुईबावडा घाट उतरताना फरक जाणवतो. टायर घालायच्या आधी पुढचे पॅड, मागचे शू, व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल नवं करून घ्या. स्टिअरिंगला पॉवर नाही, बुश आणि बॉल जॉइंट ढिले असतील तर मोठा टायर ते लगेच उघडं पाडतो.

ओढा आहे म्हणताय, तर दोन्ही डिफरन्स, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची तोंडं) नळी लावून बॉनेटखाली उंच आणा. तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेतं. हे काम अगदी थोडक्यात होतं आणि हजारोंचं बेअरिंग वाचवतं. पावसाळा संपला की ड्रेन प्लग उघडून ऑइल बघा. दुधाळ आलं तर लगेच बदला.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलंय. टायर बदलायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून लेखी घ्या. पुढं लोखंडी बुलबार तर लावूच नका.

जिमनीवाला_शिरोली

मधेच विचारतो. माझी जिमनी मॅन्युअल आहे. मीपण २३५ घालून ट्रान्सफर केसचे गिअर शोधू का?

उद्यमनगर_लेथ

नको. तुझा पहिला ४.४२५, लो २.००२, डिफरन्स ४.०९०. गुणून ३६ येतात, जिप्सीपेक्षा कंपनीतूनच जास्त. शिवाय घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा तुझ्याकडे आहे, जिप्सीकडे नाही. चारी टायर एकाच साइजचे आणि एकसारखे झिजलेले ठेव, ती यंत्रणा चाकांच्या गतीवरच चालते. टायर थोडा वाढव, पण गिअर राहू दे.

करवीर_चाकं

लॉकरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. लॉकर शेवटी. चाकोरीत एक चाक अधांतरी झालं की ओपन डिफरन्स सगळी गती त्यालाच देतो, तिथं लॉकरला तोड नाही हे खरं. पण गाडी सावकाश चालत असेल आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर तशी वेळ कमी येते. मागच्या अ‍ॅक्सललाच घ्या, हवेवर चालणारा घ्या, म्हणजे रोजच्या रस्त्यावर बंद राहतो. आपोआप लागणारा लॉकर ओल्या डांबरावर वळताना गाडीचं शेपूट सोडवतो, आणि घाटात पावसाळाभर रस्ता ओलाच असतो. ऑर्डर देण्याआधी अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन (टोकाच्या खाचा) मोजा.

आणि एक विनंती. शेताची वाट चालवा, हक्कानं चालवा. पण नवीन गिअर बसल्यावर मसाई पठारावर किंवा दाजीपूरच्या बाजूला गाडी घालून बघू नका. पठारावर मातीचा थर बोटभर आहे, एकदा चाक फिरलं की तिथं फुलं येत नाहीत.

तांबडी_माती

ताई, पठारावर जाणार नाही, शब्द.

तर असं ठरवतोय. आत्ता ब्रेक, ब्रीदर आणि कॉम्प्रेसर. आरटीओचं कळलं की पावसाळ्याआधी २३५. एक पावसाळा सावकाश घाट चढेन. मग ४.१६ चा किट, आणि उरलं तर मागचा लॉकर. लेथदादा, किट इथं बसवता येईल ना? आणि स्पीडोमीटरचं काय होणार?

उद्यमनगर_लेथ

क्रम बरोबर आहे. किट आपल्या उद्यमनगरात बसतो, त्याला परदेशी हात लागत नाहीत. ट्रान्सफर केस गाडीपासून वेगळंच आहे, तीन शाफ्ट आणि माउंटिंग सोडलं की खाली येतं. बसवणाऱ्याला दोन गोष्टी विचार. बेअरिंग आणि सील सगळे नवे टाकणार का, आणि गिअरचा एंड प्ले (पुढं-मागं किती हलतो ते) डायल गेजनं बघणार का. हातानं हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे देऊ नको. एका ओळखीच्या गाडीत असंच बसवलं होतं, सहा महिन्यांत लो गिअर स्वतःहून सुटायला लागला. उतारावर गिअर सुटला तर काय होईल ते सांगायला नको. बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ओझं घालू नको, मग ऑइल काढून बघ. बारीक चुरा येणारच, पण चकाकणारे तुकडे नकोत.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला असते, त्यामुळे किटनं आकडा बदलत नाही. टायरनं बदलतो. काटा ८० दाखवेल तेव्हा तू ८८ वर असशील. डॅशबोर्डवर फोन लावून जीपीएसला एकदा ताडून घे आणि ४०, ६०, ८० चे खरे आकडे कागदावर लिहून काचेला चिकटव. किलोमीटरही कमी पडतील, म्हणून अ‍ॅव्हरेज काढताना १० टक्के वाढवून धर, आणि ऑइलची सर्व्हिस तेवढी अलीकडे घे.