परीक्षेच्या दिवसांत मुलांना ‘कसं वाटतंय?’ विचारणं जरा थांबवू या का?

मागचा बाक

परीक्षा जवळ आल्या की हायस्कूलांना मुलांच्या मनाची एकदम आठवण होते. ताणमुक्तीवर व्याख्यान, डोळे मिटून श्वास मोजायचा तास, जिन्यात हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरं. आणि हे सगळं सातच्या जादा तासाला लागून! पहाटे उठवून वर्गात बसवायचं आणि आठ वाजता सांगायचं, ‘मन शांत ठेव’. घरी वेगळं काही नाही. दर तासाभराने दारातून कोणीतरी डोकावतं, ‘टेन्शन नाही ना आलं?’ नसलं तरी येईल की हो.

माझं म्हणणं असं की या दिवसांत मुलांच्या भावनांची चौकशी कमी करा आणि त्यांना झोपू द्या. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. म्हणजे पोरगं अकरापर्यंत टक्क जागं असतं यात आळस किंवा उद्धटपणा नाही, शरीरच तसं चालतं. सकाळी सातला बोलावलंत तर कापली जाते ती झोपच. वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे रात्री जागून केलेला अभ्यास अर्धा वायाच.

माझ्या हातात असतं तर सकाळचे जादा तास बंद, एका दिवशी एकापेक्षा जास्त सराव परीक्षा नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात नवीन धडा काढायचा नाही. व्याख्यान रद्द झालं तरी चालेल.

तिरकी रेघ

झालं सुरू. झोपू द्या, दुखवू नका, विचारू नका. थोडा ताण असल्याशिवाय कोणी पुस्तक उघडत नाही. येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच दाखवलंय की ताण एका मर्यादेपर्यंत वाढला तर काम सुधारतं. आम्हीही जागलो, आम्हीही घाबरलो, मेलो नाही.

आकडेमोड

@तिरकी रेघ, तो १९०८ चा प्रयोग उंदरांवर होता. योग्य पेटी ओळखली नाही की विजेचा झटका. आणि त्यातच हेही दिसलं होतं की काम अवघड असेल तर जास्त झटक्याने शिकणं बिघडतं. अर्धाच भाग सांगू नका. गणिताचा पेपर अवघड कामातच मोडतो, नाही का?

तिरकी रेघ

उंदीर तर उंदीर. मुद्दा तोच आहे, शून्य ताण नको. शून्य ताण मागतंय कोण, असं आता विचाराल. धागा परत वाचा.

कान देऊन

मी शाळांमधल्या मुलांशी बोलायचंच काम करते, त्यामुळे मला हा धागा वाचून राग आला हे आधीच सांगते. झोपेबद्दल वाद नाही. पण ‘चौकशी कमी करा’ हे धोकादायक आहे. वर्गातली बहुतेक मुलं घाबरतात, कुरकुरतात, पेपर देतात, विसरतात. त्यांच्यासाठी झोप पुरे. पण त्याच वर्गात एखाद-दुसरं मूल असतं ज्याने डबा खाणं सोडलेलं असतं, मित्रांशी बोलणं सोडलेलं असतं, आवडता खेळ सोडलेला असतो आणि ‘माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चालेल’ असं काहीतरी हसत हसत बोलून जातं. ते मूल झोपून बरं होत नाही. त्याला कोणीतरी बाजूला घेऊन सरळ विचारावं लागतं, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती लोकांना फार असते. अभ्यास उलट सांगतात, विचारल्याने धोका वाढत नाही, बऱ्याचदा मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा मदतवाहिनी गाठायची. पेपर नंतर बघता येतो.

तुमची पोस्टरं गेली तरी मला दुःख नाही. पण सगळ्यांनी विचारणंच बंद केलं तर हे मूल कळणार कसं?

मागचा बाक

@कान देऊन, तुम्ही म्हणताय ते विचारणं आणि मी ज्याला कंटाळलोय ते, यात फार अंतर आहे. एका ओळखीच्या माणसाने एका मुलाला बाजूला घेऊन विचारणं, हे होऊच दे. मी बोलतोय ते तीनशे मुलांना सभागृहात बसवून ‘आपल्या भीतीला रंग द्या’ म्हणण्याबद्दल. ब्रिटनमध्ये शाळांतून सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायचे) तास घेऊन फार मोठी चाचणी झाली, ८ हजारांवर मुलं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात काही फायदा दिसला नाही. सरसकट सगळ्यांना एकच मात्रा दिल्यावर दुसरं काय होणार?

कान देऊन

ती मुलं ११ ते १४ वयाची होती आणि परीक्षेशी त्या चाचणीचा संबंध नव्हता. तिच्यावरून हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लावू नका. आणि एक विचारते. तो ओळखीचा माणूस आणणार कुठून? वर्षभर कोणी बोललेलं नसेल तर परीक्षेच्या आठवड्यात मूल कोणाजवळ मन मोकळं करणार? सभागृहातल्या त्या कंटाळवाण्या व्याख्यानानंतर कधीतरी एखादी मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते. ‘काही नाही, सहज आले,’ म्हणते. व्याख्यानाचा उपयोग तेवढाच, पण तेवढा आहे.

खडू आणि डस्टर

शिक्षक आहे, म्हणून दोघांवरही थोडा वैतागतो. पेपर सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं कोणी पाहिली आहेत का? एक मुलगा प्रश्नपत्रिका वाचतच नाही, समासाच्या रेघेवरून पेन फिरवत राहतो, रेघ जाड होत जाते. त्याला सगळं येतं, आदल्या दिवशी माझ्यासमोर सोडवलेलं असतं. अशा मुलासाठी एक उपाय वाचला होता: पेपरच्या आधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहून काढायची. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता, घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले म्हणून. मी वर्गात करून घेतो.

आकडेमोड

सर, तोच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिला. मोठ्या नियतकालिकांतले २१ प्रयोग तपासले होते, २०१८ मध्ये निकाल आला. १३ टिकले, हा टिकला नाही.

खडू आणि डस्टर

असेल. मुलं लिहितात तेव्हा वर्ग दहा मिनिटं गप्प असतो आणि कोणी कोणाला ‘तुझं किती झालं’ विचारत नाही. मला तेवढंही चालतं.

झोपेबद्दल मात्र @मागचा बाक यांच्या बाजूने एक सांगतो. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात २०१६ मध्ये हायस्कूलं ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला लागले. सगळे म्हणत होते मुलं तेवढी उशिरा झोपतील. मोजलं तेव्हा मुलांची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. आमच्या शाळेत हे बोललो तर उत्तर आलं, बसचं वेळापत्रक जमत नाही. मुलांच्या मनाची काळजी बसच्या वेळापत्रकापाशी येऊन थांबते, हे मी बैठकीत बोललो नाही, इथे बोलतो.

अर्धवट झोप

मी या वर्षी परीक्षा देतेय. सगळे काका-मावशी आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून मध्ये बोलते, रागावू नका.

झोपायला कोणी अडवत नाही. आई दहाला दिवा बंद करते. पण साडेअकराला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘तिसरं प्रकरण झालं का कोणाचं?’ आणि पाच जण लिहितात ‘दोनदा’. मला माहीत असतं की त्यातले चार थापा मारताहेत. तरी मी उठते. यावर कोणाचं व्याख्यान नव्हतं.

आणि कॉफी. दुपारी चारनंतर प्यायलेली रात्रीपर्यंत अंगात राहते हे मला जीवशास्त्राच्या सरांनी सांगितलं, समुपदेशकांनी नाही.

‘कसं वाटतंय’चा मलाही कंटाळा येतो, कारण विचारणाऱ्याला ‘छान’ हेच उत्तर हवं असतं, ते चेहऱ्यावरच दिसतं. बाबा काही विचारत नाहीत. रात्री पाणी प्यायला उठतात आणि दोन मिनिटं माझ्या खोलीत उगाच बसतात. त्यांना एकदा मी सगळं सांगितलं होतं.

दोन पोरांची आई

@अर्धवट झोप, ग्रुप म्यूट कर ग बाई, आजच. फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लाव.

बाकीच्यांना: तुम्ही सगळे शाळेवर भांडताय. आमच्या घरात परीक्षा आली की पाहुणे बंद, टीव्ही बंद, धाकट्याने मोठ्याने हसायचं नाही. घरभर सुतक. थोरला शेवटी म्हणाला, मी आजारी आहे का? तेव्हापासून सगळं रोजच्यासारखं. भांडी घासायची पाळीही त्याचीच. आणि संध्याकाळी तासभर बाहेर खेळायला जायचंच, या वयाला रोज तेवढी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. शेजारच्या बाईंना वाटतं मी निष्काळजी आहे.

तिरकी रेघ

भांडी घासायची पाळी! हे पहिलं शहाणपणाचं वाक्य या धाग्यावर.

कान देऊन

@अर्धवट झोप, बाबा विचारत नाहीत असं तू लिहिलंस. मला वाटतं ते रोज विचारतात, फक्त शब्दांत नाही.

@मागचा बाक, तुमच्या यादीत एक भर टाका, मग मी व्याख्यानाचा हट्ट सोडते. प्रत्येक मुलामागे शाळेतला एक मोठा माणूस वर्षाच्या सुरुवातीलाच नेमायचा. शिक्षक, ग्रंथपाल, शिपाई, कोणीही. त्याने आठवड्यातून दोन मिनिटं त्या मुलाशी बोलायचं, अभ्यास सोडून कशावरही.

मागचा बाक

भर मान्य. नेमण्याबद्दल मात्र शंका आहे. नेमलेला माणूस वहीत खूण करायला विचारतो, ‘झालं का या आठवड्याचं?’ मुलांना ते लगेच कळतं. मुलालाच निवडू द्या, कोणाशी बोलायचं ते.

कान देऊन

आणि ज्याने कोणालाच निवडलं नाही, त्याचं काय?

खडू आणि डस्टर

त्याच्याकडे मी जातो. समास जाड करणारे बहुतेक तेच असतात. बाकी सातचा जादा तास माझाच आहे, तो या आठवड्यापासून नऊला घेतोय. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.